एकवीस हजार सहाशे चाळीस

दस्तगीर मिस्त्री आले ते रामराम-नमस्कार न करता थेट शेडमध्ये शिरले आणि गुडघ्यावर बसून गाडीखालची जमीन बघू लागले. तेलाचा डाग कुठे पडलाय, किती जुना आहे, ओला की वाळलेला. एका डागावर त्यांनी बोट फिरवलं, अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं. मग उठून फडक्याला हात पुसत म्हणाले, "कुठवर पळालीया?"

"एकवीस हजार सहाशे चाळीस," आप्पा म्हणाले.

"आन् गाडी कितव्या वर्षात?"

"तेरा पूर्ण झाली."

मिस्त्रींनी लेंगरे सरांकडे बघितलं. गाडी लेंगरे सर घेणार होते. ते हायस्कूलमध्ये गणित शिकवायचे, त्यामुळे भागाकार त्यांनी मनातल्या मनात केलाच असणार. त्यांच्या आयुष्यातली ही पहिली गाडी. मुलगी बघायच्या कार्यक्रमाला आलेल्या मुलासारखे ते हाताची घडी घालून, फार बघायचं नाही असं ठरवून, चोरून गाडीकडे बघत होते.

मी पुण्याहून शुक्रवारी रात्रीच विट्याला आलो होतो. शनिवारी गाडी विकायची, रविवारी भांडीकुंडी बांधायची आणि सोमवारी सामानाचा ट्रक, असा माझा बेत होता. आई-आप्पांना कायमचं पुण्याला आणायचं होतं. आईला विसरण्याचा आजार होऊन सहा वर्षं झाली होती, आप्पा एकाहत्तरचे, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे काढलेले. एकट्याने आईचं करणं त्यांना झेपत नव्हतं. आमच्या सोसायटीत एका फ्लॅटला एकच पार्किंग, तिथे माझी गाडी. आप्पांनी फोनवर तीनदा विचारलं होतं, "गाडी आणता येणारच नाही का रे?" तिसऱ्यांदा मी म्हणालो, "आप्पा, तुम्ही चालवत नाही, मी चालवणार नाही. मग काय हॉलमध्ये ठेवू?" त्यावर त्यांनी फोन ठेवला.

मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात होतो. घासाघीस करणं, समोरच्याला बोलतं करणं, थोडं सोडून बरंच पदरात पाडून घेणं, हा माझा रोजचा धंदा. एक गाडी विकायला कितीसा वेळ लागणार, असं मला वाटत होतं. शिवाय माल वसेकर साहेबांचा होता.

वसेकर साहेब म्हणजे आप्पा. बत्तीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. आप्पा बाजारपेठेत शिरले की पारड्याखाली चिकटवलेल्या चिंचा आपोआप गळून पडतात, अशी गावात थट्टा होती. त्यांनी खोटी मापं जप्त केली, ती हातोड्याने ठोकून निकामी केली, आणि दिवाळीला आलेले मिठाईचे पुडे जसेच्या तसे परत पाठवले. त्या पुड्यांपायी लहानपणी मला त्यांचा फार राग यायचा. पण गावात त्यांच्या शब्दाला जे वजन होतं, ते पैशाने विकत मिळण्यातलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी ते गाडी शिकले आणि फंडातून ही पांढरी छोटी गाडी घेतली.

"साहेब, बॉनेट उघडा," मिस्त्री म्हणाले.

माणूस कमी बोलायचा. वय साठीच्या आसपास, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. अर्ध्या तालुक्यात जुनी गाडी घ्यायची तर आधी दस्तगीर मिस्त्रींना दाखवायची, ते हो म्हणाले तरच बोलणी, अशी पद्धत होती. त्यांनी ऑइलची कांडी काढून बघितली. इंजिन चालू करायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. दारांच्या कडेचं रबर उपसून आतला मूळ रंग बघितला. बोटाच्या पेराने पत्र्यावर टकटक करत गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"अपघात नाही. रंग कंपनीचाच हाय," ते म्हणाले.

लेंगरे सरांचा चेहरा खुलला. मी आप्पांकडे बघून डोळ्यांनीच म्हणालो, झालं.

मग मिस्त्री आत बसले. बसले ते चांगले चार बोटं खाली गेले. त्यांनी उठून सीट हाताने दाबली, पुन्हा बसले. स्टिअरिंगवर हात ठेवले. जिथे हात पडतात तिथलं काळं कातडं झिजून गुळगुळीत झालं होतं. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसले गेले होते. त्यांनी क्लच दाबला, आणि आतून कुठूनतरी बारीक किरकिर ऐकू आली. सोडला, थांबली. दाबला, पुन्हा सुरू. हे त्यांनी चार-पाच वेळा केलं. मग वाकून पायाशी बघितलं.

"पेडलचं रबर नवं टाकलंय कुणी?"

"मी," मी म्हणालो. "काल रात्री. पुण्याहून येताना आणलं होतं. जुनं अगदी फाटलं होतं, म्हटलं बरं दिसेल."

"जुनं हाय का?"

"टाकून दिलं."

मिस्त्रींनी मान डोलावली. गाडी बघायला माणूस येणार त्याच्या आदल्या रात्री कुणी नवं रबर घालू नये, हे मला त्या क्षणी कळलं. मला वाटलं होतं, पाहुणे यायच्या आधी घर झाडावं तसं आहे हे.

मिस्त्री डाव्या बाजूला जाऊन बसले. तीही सीट तेवढीच खाली गेली. खिडकीची काच खालीवर करायचं हँडल लुळं पडलं होतं. मग मागचं दार उघडलं. मागच्या सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक अजून होतं.

ते बाहेर आले, चष्मा पुसला आणि लेंगरे सरांना म्हणाले, "सर, ही गाडी एक लाख तीस हजाराच्या खाली पळालेली नाही."

मग आप्पा शांतपणे म्हणाले, "मीटर खरं आहे."

"साहेब, मी तुमास्नी काय म्हणत नाही. माझं काम बघायचं, बोलायचं काम गाडी करती." त्यांनी एकेक बोट दुमडत सांगायला सुरुवात केली. "डायवरची सीट बसलीया. स्टिअरिंग गुळगुळीत. गिअरचं आकडं गेल्यात. क्लचचं बेअरिंग वरडतंय. इंजिन थकलंय. हे सगळं एकवीस हजारात होत नाही. आन् मागं कोण बसलंच नाही, पुढंच दोघं. म्हंजे औषधं विकणारी पोरं असतात बघा, दोघं मिळून तालुकं फिरतात, तसल्या कामाला लागलेली गाडी ही."

"टायर बघा की," मी म्हणालो. "टायर पहिलेच आहेत. नक्षी बघा, शाबूत आहे."

"बघितलं. साल जुनंच हाय, नक्षी हाय. म्हणूनच म्हणतो. कुठल्यातरी उभ्या गाडीचं टायर काढून घातल्यात." त्यांनी पुढच्या चाकाला हात लावला. "टायर म्हणतंय उभी होती, आतलं म्हणतंय पळत होती. दोन्ही खरं कसं असंल?"

खरं सांगायचं तर मलाही ते पटायला लागलं होतं.

आप्पा घरात गेले आणि एक लांबट वही घेऊन आले. मला जरा हायसं वाटलं. गाडी घेतल्यापासून किती पेट्रोल कधी भरलं आणि तेव्हा मीटरवर किती आकडा होता, ते त्यांनी तारखेनिशी लिहून ठेवलेलं होतं. तेरा वर्षं. एकच शाई, एकच अक्षर. दुसऱ्याच्या मापात खोट शोधण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने स्वतःचं माप असं कुणीही तपासावं म्हणून तयार ठेवलं होतं. "बघून घ्या," म्हणत त्यांनी ती वही लेंगरे सरांच्या हातात दिली.

लेंगरे सरांनी भक्तिभावाने पानं उलटली. मग शेवटच्या पानांवर ते अडखळले. खिशातून पेन काढून त्यांनी तळहातावर काहीतरी मांडलं, पुन्हा मांडलं. गणिताच्या मास्तरने मुलाची चूक धरावी आणि ती धरल्याचं त्यालाच वाईट वाटावं, तशा आवाजात ते म्हणाले, "साहेब, गेल्या दोन वर्षांत पेट्रोल भरलंय दोनशे ऐंशी लिटर. आणि गाडी चाललीय तीनशे किलोमीटर."

"लिटरला एक," मिस्त्री म्हणाले. "रोडरोलर बरा मग."

मला हसू आलं, आणि लगेच ते जिरलं.

"म्हंजे मीटर मागं घेतल्यालं नाही," मिस्त्री सावकाश म्हणाले. "मीटरची केबल काढून गाडी पळवलीया. पंपावर जाताना तेवढी जोडायची."

"मी रोज थोडा वेळ चालू ठेवतो गाडी," आप्पा म्हणाले.

"आठवड्याला पाच मिंटं ठेवत्यात साहेब, बॅटरीसाठी. त्येला एवढं पेट्रोल?"

आप्पांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. लेंगरे सर वही मिटून जमिनीकडे बघत म्हणाले, "शाळेत सगळे म्हणाले होते, वसेकर साहेबांची गाडी डोळे झाकून घ्या. मी तर मिस्त्रींना आणणारच नव्हतो." त्यांचा तो नम्रपणा मिस्त्रींच्या बोलण्यापेक्षा जास्त लागला.

मी आप्पांना खुणेने घरात बोलावलं. आई आतल्या खोलीत पलंगावर बसून एकच टॉवेल घडी करत होती आणि मोडत होती. मला बघून तिने पदर सावरला. त्या काळात ती मला पोस्टमन समजायची आणि मनीऑर्डर आली का विचारायची.

"आप्पा, गाडी कुणाला दिली होतीत का?" मी दबक्या आवाजात विचारलं. "कुणी भाड्याने नेली होती? सांगा मला, मी बघतो काय ते."

"कुणाला दिली नाही."

"मग एवढं पेट्रोल?"

"जळालं."

"कुठे?"

"शेडमध्ये."

"शेडमध्ये दोनशे ऐंशी लिटर?"

आप्पांनी एकदा आईकडे बघितलं. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण बाहेर दोन परके पुरुष उभे, आणि मी घड्याळाकडे बघत. त्यांनी तोंड मिटलं आणि म्हणाले, "तू त्यांना सांग, मीटर खरं आहे."

"कशावरून?" मी म्हणालो.

उभ्या जन्मात आप्पांना हा शब्द कुणी विचारला नव्हता. मी तर नाहीच. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले, आणि मला वाटलं, सापडले. वय झालं की माणूस घसरतो, कुणा भाच्या-पुतण्याने गळ घातली असेल, गाडी वापरली असेल, आता सांगायची लाज वाटते आहे. मला त्यांची दया आली. दया येण्याएवढा शहाणा मी त्या दिवशी होतो.

मी बाहेर गेलो आणि माझा धंदा सुरू केला. "सर, मिस्त्रींचं बरोबर आहे. केबल काढून चालवली होती. आप्पांचा ह्यात काही संबंध नाही, त्यांना माहीतही नव्हतं. माझ्याकडून झालंय. आता तुम्ही सांगा काय कमी करायचं ते."

वडिलांची अब्रू मी स्वतःच्या अंगावर घेऊन वाचवतो आहे, असं मला वाटत होतं. थोडा अभिमानही वाटला, लपवत नाही.

लेंगरे सरांची सुटका झाल्यासारखी दिसली. खोटं का होईना, हिशेब जुळला होता. मिस्त्री मात्र माझ्याकडे बघत राहिले आणि एवढंच म्हणाले, "आधीच बोलायचं व्हतं." भाव बराच खाली आला आणि दहा मिनिटांत सौदा ठरला. मी वळलो तर आप्पा दारात उभे होते. सह्यांसाठी त्यांनी पेन आणलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आरटीओच्या फॉर्मवर जिथे जिथे मी बोट ठेवलं तिथे तिथे त्यांनी सही केली. किल्ली दिली, दुसरी किल्ली दिली, पुस्तक दिलं. दीड वाजता लेंगरे सर मिस्त्रींना शेजारी बसवून गाडी घेऊन गेले. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी हॉर्न वाजवला. आतल्या खोलीतून आईने विचारलं, "आले का?" मला त्याचा काही अर्थ लागला नाही.

दुपारभर मी पुस्तकं खोक्यांत भरली. आप्पा आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मी चहा केला, तो त्यांच्याजवळ गार झाला. रागावले आहेत, पुण्याला गेलं की निवळेल, असं मी स्वतःला सांगत होतो.

सहाच्या सुमाराला आई खोलीतून बाहेर आली. केस विंचरलेले, धुवट इरकल नेसलेली, हातात कापडी पिशवी. स्वतःहून एवढी तयार झालेली मी तिला कितीतरी दिवसांत बघितली नव्हती. मी दोन-तीन महिन्यांनी यायचो, आणि घाट उजेडी उतरावा म्हणून चारलाच निघायचो. मुक्काम केला तर संध्याकाळी मित्रांकडे. त्यामुळे आमच्या घरातली संध्याकाळ मला ठाऊकच नव्हती.

ती चपला घालून शेडकडे निघाली. आप्पा धडपडत उठून तिच्या मागे गेले. रिकाम्या शेडमध्ये तेलाच्या डागापाशी ती उभी राहिली, इकडेतिकडे बघू लागली.

"कुठे चाललीय ती?" मी विचारलं.

"माहेरी," आप्पा म्हणाले. "नेवरीला."

आणि मग, आईवरची नजर न हलवता, पंचनामा लिहून द्यावा तसं त्यांनी मला सांगितलं.

"संध्याकाळ झाली की तिला माहेरी जायचं असतं. आधी समजावून बघितलं. मग कडी लावून घ्यायला लागलो. कडी लावली की दारावर डोकं आपटायची. एकदा खरंच नेलं नेवरीला. तिथं घर राहिलंय कुठं, भावकीनं पाडून दुकानगाळे काढलेत. ही उतरली, बघितलं, म्हणाली, हे नव्हे. येताना सगळ्या वाटेनं रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिशवी घेऊन उभी. माझे डोळे असे, दिवस कलल्यावर चालवायचा धीर होईना. म्हटलं, बस. तिला डावीकडं बसवलं, मी इकडं बसलो, आणि गाडी नुसती चालू केली. क्लच दाबला, गिअर टाकला. पुढचा गिअर टाकला. स्टिअरिंग वळवलं थोडं. वळण आलं की हॉर्न वाजवला. तिनं काच खाली केली आणि बाहेर बघत बसली. भिंतच होती समोर. मला म्हणाली, ओढ्याला पाणी आहे का हो? म्हटलं, आहे थोडं."

आई डागाभोवती फिरून पुन्हा तिथेच येऊन थांबली.

"अर्ध्या तासानं इंजिन बंद करायचं आणि म्हणायचं, पोचलो. ती उतरायची, घरात यायची, पाय धुवायची आणि पोटभर जेवायची. माहेरी आल्यासारखी. पाच वर्षं झाली. पावसाळ्यात कधीकधी दोनदा."

"मला का नाही सांगितलंत?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. "सकाळी त्या दोघांना तरी सांगायचं."

"काय सांगायचं? की वसेकर रोज संध्याकाळी बायकोला खोट्या गाडीत फिरवतो? बत्तीस वर्षं खोटं माप दिसलं की ठोकलं मी. आणि घरात रोज हे."

आई शेडमधून परत आली आणि पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. आप्पांनी चष्मा काढला.

"आणि एक होतं," ते म्हणाले. "गाडीत बसली की ती मला ओळखायची. मी स्टिअरिंगवर असलो की बाजूनं बघायची आणि म्हणायची, अहो, जरा सावकाश घ्या. अहो, भाऊसाठी पेढे घेतले का? खाली उतरलो की संपलं. घरात मला काका म्हणते. दिवसातून अर्धा तास तेवढा होता."

मी खिशातून फोन काढला आणि तिथेच उभा राहून लेंगरे सरांना लावला. म्हणालो, "सर, गाडी मला परत हवी आहे. पैसे आत्ता आणून देतो, वर काय म्हणाल ते देतो. मीटर खरं आहे."

मग ते म्हणाले, "सकाळी तुम्हीच म्हणालात ना, केबल काढून चालवली म्हणून?"

"ते खोटं बोललो होतो मी."

"मग आत्ता कशावरून खरं बोलताय?" त्यांनी हे रागाने विचारलं नाही. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. जास्त भाव देणारं दुसरं गिऱ्हाईक आलं असेल, असंच त्यांना वाटलं असणार. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं. गाडी मिस्त्रींच्या गॅरेजात होती, म्हणून मी माझ्या गाडीने तिथे गेलो. जाऊन बघतो तर क्लच खाली उतरवलेला, पुढच्या दोन्ही सीट उसवलेल्या, जुना काथ्या आणि स्पंज कोपऱ्यात ढीग करून टाकलेला. मी मिस्त्रींना सगळं सांगितलं.

ते ऐकून ते स्टुलावर बसले. "तरीच," म्हणाले. "टायर खरं बोलत व्हतं. चाळीस वर्षं ह्येच करतोय मी, आन् टायरवर इश्वास नाही ठेवला." मग सीटच्या सांगाड्याकडे बघून म्हणाले, "आज काय हुईत नाही. साहेबास्नी सांगा, दस्तगीरचं चुकलं."

चुकलं त्यांचं नव्हतं. गाडी जे सांगत होती ते त्यांनी बरोबर वाचलं होतं. माझ्यासमोर माझा बाप उभा होता आणि मला तो वाचता आला नाही.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. लेंगरे सर भला माणूस. मिस्त्रींनी त्यांना समजावलं आणि रविवारी दुपारी ते स्वतः गाडी परत घेऊन आले, पैसेही जेवढे दिले तेवढेच घेतले. नव्या भरलेल्या सीट उंच आणि ताठ झाल्या होत्या, क्लचची किरकिर गेली होती, आतून गोंदाचा वास येत होता. संध्याकाळी आप्पांनी आईला नेलं. तिने दार उघडून आत बघितलं आणि म्हणाली, "ही आपली नव्हे." खूप सांगितलं, बसली नाही. सोमवारी ट्रक आला. त्यानंतर आई पुण्यात दीड वर्ष होती. त्या दीड वर्षात आमच्या घरात 'अहो' अशी हाक मी ऐकली नाही. आप्पा त्याबद्दल मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पण मला आठवते ती शनिवारचीच संध्याकाळ. मी गॅरेजातून रिकाम्या हाताने परत आलो. फाटकापाशी गाडी लावली. दोघं तिथेच होती, पायरीवर. मला वाटलं, माझ्या गाडीने तरी बघू. आप्पांना स्टिअरिंगवर बसवलं, आईला हाताला धरून आणलं. माझी गाडी बटणावर चालू होणारी, तिला क्लचही नाही आणि आवाजही नाही. आप्पांचा डावा हात गिअर शोधत राहिला. आईने आत डोकावून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अदबीने म्हणाली, "नको, आमची गाडी यायचीय." आणि जाऊन पुन्हा पायरीवर बसली.

आप्पा उतरले आणि तिच्याजवळ, थोडं अंतर ठेवून, बसले. अंधारून यायला लागलं होतं. मी फाटकाला धरून उभा होतो. मला काहीही करता येण्यासारखं नव्हतं, आणि जे करता येण्यासारखं होतं ते मी सकाळीच करून बसलो होतो.

"काका," आई म्हणाली, "हे अजून कसे आले नाहीत हो?"

"येतील," आप्पा म्हणाले.

"गाडी घेऊन येतो म्हणाले होते."

"येतील. वाटेत असतील."

मग तिने वळून त्यांच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला कुठं जायचंय?"

"मलाही नेवरीलाच."

"मग चला की आमच्याबरोबर. हे नाही म्हणायचे नाहीत."

"बरं," आप्पा म्हणाले. त्यांनी तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली, आणि दोघं रस्त्याकडे बघत बसली.